टेकवलेलं शीड

वारा दक्षिणेकडून उलटला की किनाऱ्यावरच्या लोकांचे दोन तट पडत. एका तटाला आनंदाच्या उकळ्या फुटत. असल्या पिसाट वाऱ्यात फळीवर उभं राहून लाटांच्या टाळक्यावरून उडत जाण्यासाठीच आपल्याला हातपाय मिळालेत, अशी त्यांची पक्की समजूत होती. दुसऱ्या तटात त्यांच्या आया, बायका आणि डोकं ठिकाणावर असलेली इतर माणसं होती. ताई पूर्वी पहिल्या तटात होती. गेली तीन वर्षं ती कुठल्याच तटात नव्हती. ती शिडं शिवत होती.

खरं तर ती ताई एकाच माणसाची, पण नाव सगळ्या किनाऱ्याने उचललं होतं. पिकल्या केसांचे गडीही तिला ताईच म्हणत. विंडसर्फिंगच्या शेडमागे तिची लांबलचक खोली होती. खोलीभर गुडघ्याएवढा उंच लाकडी ओटा, ओट्याच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात शिवणयंत्र, आणि यंत्रापुढे खड्ड्यात पाय सोडून बसलेली ताई. शीड आडवं पसरायचं तर यंत्र ओट्याच्या पातळीला हवं, म्हणून हा खटाटोप. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती कमरेपर्यंत जमिनीत पुरल्यासारखी दिसायची. ‘अर्धी गेलीय, अर्धी शिल्लक आहे,’ असं मास्तर म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने हा विनोद बंद केला.

मास्तर म्हणजे लोकांना फळीवर उभं राहायला शिकवणारा. भरल्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा आणि पोटात काही न ठेवणारा. शेडची किल्ली त्याच्याकडे, मोटरबोट त्याच्याकडे, आणि गावभरच्या बातम्याही त्याच्याकडेच.

या किनाऱ्याची एक रीत होती. वारा हाताबाहेर जायला लागला की वाळूवर उभा असलेला जाणता माणूस तोंडात दोन बोटं घालून शीळ द्यायचा. लांब, लांब, आखूड. पाण्यावरच्या माणसाने ती ऐकली की फळी थांबवायची, शीड हाताने हळूच पाण्यावर टेकवायचं आणि पुन्हा उचलायचं. म्हणजे, ऐकलं, आलोच. शीड टेकवलं की शब्द दिला, आणि शब्द मिळाला की शीळवाला मोकळा. मग त्याने वाळूवर ताटकळत उभं राहायचं नाही. राहिला तर तो पाण्यावरच्या माणसाचा अपमान. इतर किनाऱ्यांवर लोक झेंडे लावतात, भोंगे वाजवतात, इथल्यांना त्यात कमीपणा वाटे. माणसं अशीच असतात. दोरखंड स्वतःच्या गळ्यात बांधून घ्यायचा आणि वर दागिना म्हणून मिरवायचा.

शीळ द्यायचा मान ताईच्या वडिलांचा. त्यांना सगळे कप्तान म्हणत. वास्तविक त्यांच्या हाताखाली आयुष्यात एकही जहाज नव्हतं. बंदरातल्या उंच क्रेनवर बसून त्यांनी दुसऱ्यांची जहाजं भरली आणि रिकामी केली. पण इतकी वर्षं उंचावरून बघून नजर अशी तयार झाली होती की मैलभरावरचा माणूस डाव्या हाताने नाक पुसतोय की उजव्या, ते सांगत. शीळही तशीच. कानात शिरली की दुसऱ्या कानाने बाहेर पडेपर्यंत माणूस जागचा हलत नसे.

आणि त्यांचा मुलगा, ताईचा धाकटा भाऊ, भिंगरी. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून नाव पडलं, मोठेपणी पाण्यावर गरागरा फिरायचा म्हणून चिकटलं. ताईला ताई म्हणण्याचा खरा हक्क फक्त त्याचा. तिने त्याला पोहायला शिकवलं, फळीवर उभं केलं, आणि मग एके दिवशी तो तिच्या डोक्यावरून शीड नेत पुढे निघून गेला, तेव्हा तिने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि घरी येऊन आईला अभिमानाने सगळं सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी असाच दक्षिणेचा वारा होता. कप्तानांनी शीळ दिली. बाकीची शिडं एकेक करून टेकली, उचलली गेली, आत आली. भिंगरी तेवढा बाहेर होता, लाल बोयाच्या, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेच्या पुढे, किनाऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या अगदी समोरच्या रेषेत. कप्तानांनी पुन्हा शीळ दिली. भिंगरीचं शीड झपकन खाली गेलं.

“आला,” कप्तान म्हणाले, आणि पाठ फिरवून शेडमध्ये त्याच्यासाठी चहा टाकायला गेले.

चहा उकळला, गाळला, निवला. भिंगरी आला नाही. फळी आणि शीड दुसऱ्या दिवशी भूशिराखालच्या काळ्या खडकांत सापडलं, डोलकाठी मधोमध मोडलेली. भिंगरी सापडला नाही. मास्तरने मोटरबोट घेऊन सगळा किनारा पिंजून काढला, त्याचा घसा बसला, हातांना फोड आले. समुद्राने दाद दिली नाही.

मग लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. शब्द दिल्यावर, परत येताना काहीतरी झालं. खडकांवर आपटला असेल, डोलकाठी तिथेच मोडली असेल. कप्तानांनी कुठलाच अर्थ लावला नाही. ते एवढंच म्हणत, “त्याने शीड टेकवलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. येतो म्हणाला म्हणजे येणार.” आणि पुढे थोडं कौतुकाने म्हणत, “झपकन टेकवलं! त्याचं सगळं तसंच.”

दक्षिणेचा वारा सुटला की ते वाळूवर जाऊन उभे राहत. पाण्यात कुणी असो नसो, शीळ देत. नवी पोरं सुरुवातीला हसत, मग कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन सांगे, मग ती हसत नसत. शीळ ऐकली की ताईचं यंत्र थांबे. सुई कापडात रुतलेली राही आणि शीळ विरून जाईपर्यंत ती हाताने चाक दाबून धरे. उत्तर येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी ती ऐकत राहायची, आणि दर वेळी तिला स्वतःचीच भीती वाटायची.

तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि ती जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

भिंगरीचं शीड तिच्याच ओट्यावर आणून टाकलं होतं. वादळासाठीचं सगळ्यात लहान शीड, पांढरं. तिने ते पसरलं, गोड्या पाण्याने धुतलं आणि फाटलेली जागा बघितली. खडकावर घासून फाटलेलं कापड बाहेरून खरवडलेलं असतं, धाग्यांची कुसळं निघतात. हे तसं नव्हतं. मोडक्या डोलकाठीचं टोक आतून घुसलं होतं आणि कापड एका झटक्यात चिरत गेलं होतं. शिडात वारा गच्च भरलेला असताना, पळत्या फळीवर, डोलकाठी मोडली तरच असं फाटतं. तिने अशी शिडं डझनाने शिवली होती. आणि हाताने टेकवलेलं शीड झपकन जात नाही. ते हळूच जातं, कारण ते नंतर उचलायचं असतं.

त्याने शब्द दिला नव्हता. त्याचं शीड पडलं होतं. तो पाण्यात हात मारत असताना बाबांनी पाठ फिरवली होती.

तिने त्या फाटक्या जागेवर पिवळ्या कापडाचं ठिगळ लावलं. पांढरं कापड खोलीत पडलेलं होतं, तरी पिवळंच घेतलं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग शीड गुंडाळून वरच्या वाशाला बांधलं आणि तोंडाला कुलूप घातलं. बाबा वाट बघत होते, वाट बघणारा माणूस निदान उभा तरी असतो. खरं सांगितलं तर ते आडवे होतील, असा तिचा हिशेब होता.

आजचा वारा सकाळपासून वाढत होता. शेडचे पत्रे थरथरत होते, खिडकीच्या फटीतून वाळू आत येऊन ओट्यावर पसरत होती. मास्तरने मोटरबोटीचं इंजिन उघडून टेबलावर मांडलं होतं आणि त्याच्या पोटात हात घालून तो इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. पाण्यावर गेलेले चारपाच जण एव्हाना परत येऊन फळ्या धूत होते. आज शीळ आली नव्हती. ताईच्या हे लक्षात आलं होतं, पण लक्षात येऊनही कधीकधी माणूस लक्ष देत नाही.

फोन वाजला. आई होती. आई तीन वर्षांत समुद्राच्या बाजूला फिरकली नव्हती, घरातली त्या बाजूची खिडकीसुद्धा तिने कपाट लावून बंद केली होती.

“तुझे बाबा तिकडे आहेत का गं?”

“असतील वाळूवर. वारा दक्षिणेचा आहे ना.”

“तसं नाही,” आई म्हणाली. “त्यांचा तो पाण्यात घालायचा रबरी सूट कपाटात नाहीये. मी सगळं शोधलं.”

ताई खड्ड्यातून वर कशी आली ते तिला कळलं नाही. ती शेडमध्ये धावली. शिकाऊ लोकांसाठी ठेवलेली दाराएवढी रुंद फळी जागेवर नव्हती. पोरांना शिकवायचं छोटं निळं शीडही नव्हतं.

“मास्तर, बाबा कुठायत?”

“कप्तान? मघाशी इथेच तर...” मास्तरने मान वर केली, रिकामी जागा पाहिली आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. “अगं, मला म्हणाले, जरा जवळून देऊन बघतो. मला वाटलं, पाण्याच्या कडेला जाऊन शीळ देणार असतील.”

दोघं वाळूवर धावली. पाऊस आडवा येत होता, डोळे उघडे ठेवणं मुश्किल होतं. लाल बोया लाटांत दिसत होता, बुडत होता, पुन्हा दिसत होता. त्याच्या पुढे, टाकीच्या रेषेत, निळा ठिपका होता. आडवा. पाण्यावर टेकलेला.

“टेकवलंय,” मास्तर सवयीने म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला.

“बोट?”

“इंजिन टेबलावर आहे, ताई. तासभर तरी...”

वारा किनाऱ्याला समांतर होता, भूशिराकडे ओढत नेणारा. तासाभरात फळी काळ्या खडकांत गेली असती. आत आलेल्या पोरांची शिडं मोठी होती, त्यांनी चढत्या वाऱ्यात ताईला उचलून फेकलं असतं. तिला पेलेल असं एकच शीड सगळ्या किनाऱ्यावर होतं, आणि ते तिच्या खोलीत वाशाला बांधलेलं होतं.

तिने ते उतरवलं. डोलकाठीवर चढवलं, दोऱ्या ताणल्या. मास्तर हाताने धरायचा आडवा दांडा बसवू लागला. तो त्याने दोनदा उलटा लावला. तोंडाने मात्र तो नेहमीसारखा सुरू होता. “तीन वर्षांत तू फळीला हात लावलेला नाहीस. हात दाखवून अवलक्षण कशाला? मी जातो.”

“तू जड आहेस. हे शीड तुला ओढणार नाही. आणि तुझं ते ऐकणार नाहीत.”

“तुझं ऐकतील?”

ताईने फळी पाण्याकडे ओढली. तिलाही ते माहीत नव्हतं.

शरीर विसरत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. हात विसरले नव्हते, पाय विसरले होते. पहिल्या लाटेने तिला सपशेल आडवं केलं. दुसऱ्यांदा ती उभी राहिली, कमरेच्या पट्ट्याचा हुक दांड्याच्या दोरीत अडकवला, मागे रेलली, आणि वाऱ्याने शीड पकडलं. फळी सुटली. पाण्याचे थेंब तोंडावर खड्यांसारखे बसत होते. शिडाच्या कापडाचा तो ताणलेला आवाज कानाशी आला आणि तिच्या पोटात जुना, लाजिरवाणा आनंद उसळला. अशा वेळी आनंद होतो याची तिला मनापासून शरम वाटली. पण झाला, त्याला इलाज नव्हता.

बोया मागे पडला. आणि मग ती हबकलीच, कारण वाऱ्यातून शीळ आली. लांब, लांब, आखूड. किनाऱ्याकडून नव्हे, पुढून. समुद्रातून.

बाबाच होते. रुंद फळीवर पाय खाली सोडून बसले होते, पुलाच्या कठड्यावर बसल्यासारखे. निळं शीड बाजूला पाण्यात पसरलेलं. किनाऱ्याकडे पाठ करून, तोंडात दोन बोटं घालून, ते बाहेरच्या समुद्राला शीळ देत होते आणि मान तिरकी करून ऐकत होते.

मग त्यांनी वळून पाहिलं.

एवढ्या पावसात त्यांना तिचा चेहरा दिसला नसणार. त्यांना दिसलं ते पांढरं लहान शीड, त्यावर त्यांच्या कधी दृष्टीला न पडलेलं पिवळं ठिगळ, आणि शिडामागे त्यांच्याच घराच्या बांध्याचं माणूस. त्यांचं तोंड उघडलं. बोटं खाली आली. ताईने वडिलांचा चेहरा आयुष्यभर पाहिला होता. रागावलेला, दमलेला, हसणारा. हा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता. तो पुन्हा बघायला लागू नये असं तिला आजही वाटतं, आणि स्वप्नात तो हटकून येतो.

“आलास?” ते ओरडले. “आलास रे? मी म्हणत होतो यांना!”

आणि ते फळीवरून पाण्यात उतरले.

फळी सोडायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. शीड जाऊ दे, दांडा जाऊ दे, फळी सोडायची नाही, ती तरंगते, तू तरंगत नाहीस. हा धडा त्यांनीच तिला शिकवला होता. आता ते फळी सोडून तिच्याकडे पोहत येत होते आणि त्यांच्या मागे ती दाराएवढी फळी वाऱ्याने भूशिराकडे निघाली होती.

ताईने शीड पाण्यात टाकलं आणि उडी घेतली. एका हाताने दांडा धरून ठेवला, दुसऱ्या हाताने बाबांची कॉलर पकडली.

“बाबा, मी आहे. ताई आहे मी.”

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतला दिवा विझला. मग ते तिच्या खांद्यावरून मागे बघायला लागले, जणू ती कुणाच्या तरी वाटेत उभी होती.

“फळी धरा आधी. ही धरा.”

“तो येईल आता. किनाऱ्यावरून त्याला ऐकू जात नसणार. वारा खातो शीळ. माझ्या आधी का लक्षात आलं नाही? म्हणून जवळ आलो.” ते शांतपणे बोलत होते, शेजाऱ्याला समजावून सांगावं तसे. ओठ निळे पडले होते. “तू जा. आईला सांग, उशीर होईल. त्याने शब्द दिलाय.”

एक लाट दोघांच्या डोक्यावरून गेली. ताईला खोकला आला, नाकातोंडात खारं पाणी. बाबांच्या हाताची पकड सैल होत होती. त्यांना बुडायचं नव्हतं, ते तिला कळत होतं. त्यांना फक्त थांबायचं होतं, आणि इथे थांबणं म्हणजे बुडणं होतं. तीन वर्षं जिच्यावर ते उभे होते, तीच आशा आता त्यांना पाण्याखाली ओढत होती.

“त्याने शब्द दिला नव्हता,” ती म्हणाली.

“टेकवलं होतं. मी पाहिलं.”

“पडलं होतं! डोलकाठी मोडली होती, बाबा. मी शिवलंय ते शीड, हे बघा, इथे आतून फाटलं होतं. तिथल्या तिथे मोडली. तो येतो म्हणाला नव्हता. तो काहीच म्हणाला नव्हता.”

तिला हे ओरडावं लागलं, वाराच तसा होता. अशी गोष्ट हळू आवाजात, घरात, हातात हात घेऊन सांगायची असते. तिने ती भांडण केल्यासारखी ओरडून सांगितली.

बाबांनी ठिगळावर हात ठेवला. बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“झपकन गेलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“मग मी चहा टाकत होतो तेव्हा...”

ताईला खोटं बोलता आलं असतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. “हो,” ती म्हणाली.

पाऊस पडत राहिला. आता हे हात सोडतील, असं तिला वाटलं, आणि तिने त्यांची कॉलर इतकी घट्ट धरली की शिवण उसवल्याचा आवाज आला. पण त्यांनी हात सोडले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, या वेळी तिच्याचकडे, आणि म्हणाले, “तुझे ओठ निळे पडलेत, ताई.”

नंतर किती वेळ काय काय झालं ते तिला सलग आठवत नाही. दोघांनी मिळून तिची फळी ढकलत रुंद फळी गाठली. बाबांना वर चढवताना तिच्या नाकी नऊ आले. ते गुडघ्यांवर बसले, मग उभे राहिले, दोरीने निळं शीड ओढलं, ते पाणी भरून जड झालं होतं, दोनदा निसटलं. “मी आहे इथेच,” ती पाण्यातून म्हणत राहिली, “मी बघतेय, मी बघतेय.” तिसऱ्यांदा शीड उभं राहिलं. आणि मग साठी ओलांडलेल्या या माणसाने शिकाऊ पोरांच्या शिडाने ती अवजड फळी असल्या समुद्रातून सरळ रेषेत किनाऱ्याला नेली. एकदाही मागे बघितलं नाही. ताई त्यांच्या बाजूने, वाऱ्याच्या अंगाने येत राहिली.

वाळूवर मास्तर गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने कप्तानांना मिठीच मारली आणि मग मारल्याबद्दल ओशाळला.

“दोघांची शिडं आडवी! माझा तर जीवच गेला. टेकवलीत म्हणू की पडलीत म्हणू? लांबून काय कळतंय? काही कळत नाही, कप्तान, खरंच काही कळत नाही!” त्याला बिचाऱ्याला काय बोलतोय याची कल्पना नव्हती. कप्तानांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

“सगळे आत आले?” त्यांनी विचारलं.

“सगळे केव्हाच. शेवटची तुम्ही दोघंच. आता पाण्यावर चिटपाखरू नाही.” तेवढं सांगून मास्तर बाकीच्यांना बातमी द्यायला शेडकडे पळाला.

बाबा अंगावर कांबळं घेऊन उभे राहिले. समुद्राकडे पाहत होते. ताई श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघत होती, तो हात तोंडाकडे जातो का ते. गेला नाही.

“तू कधीपासून जाणत होतीस?” ते म्हणाले.

“शिवलं तेव्हापासून.”

“एकटीच?”

तिने होकारार्थी मान हलवली. त्यांनी कांबळ्याचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. ते रडत होते, पण रडणं साधं होतं, कुठल्याही घरात कुणीही रडावं तसं. तीन वर्षांत ते एकदाही असे रडले नव्हते.

“तुझ्या आईला फोन कर. मी चहा टाकतो,” ते म्हणाले. मग त्या शब्दावर दोघंही क्षणभर अडखळली. पण त्यांनी तो मागे घेतला नाही. “टाकतो चहा. घोटभर पिऊ आणि घरी जाऊ. आता दक्षिणेचा वारा आला म्हणून मी इथे यायचा नाही.”

आणि त्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली. जड पावलं टाकत शेडकडे गेले. दार उघडलं, आतला पिवळा उजेड वाळूवर पडला. भांड्याचा आवाज आला. ताईचा जीव भांड्यात पडला. तिचा हिशेब चुकला होता, आणि चुकला म्हणून तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली. खरं ऐकून माणूस आडवा झाला नव्हता. तो चहा करत होता.

तिने भिंगरीचं शीड सोडायला घेतलं. ओली गाठ नखांनी उकलत होती. उकलता उकलता तिने सहज वर पाहिलं.

लाल बोयाच्या पुढे, टाकीच्या रेषेत, एक शीड होतं.

लहान होतं. पावसात रंग कळत नव्हता. उभं, वाऱ्याने भरलेलं, एका बाजूला कललेलं. तिने डोळे पुसले. शीड होतं. तिने मागे वळून शेडच्या दाराकडे पाहिलं, धुतलेल्या फळ्या मोजल्या, भिंतीला टेकलेली शिडं मोजली. सगळी होती. निळं होतं. पांढरं तिच्या हातात होतं, ठिगळासकट.

पाण्यावरची ती फळी थांबली. आणि मग ते शीड हळूच, हाताने टेकवावं तसं, रीतसर, पाण्यावर आडवं झालं.

बाबांनी मघाशी तिथूनच शीळ दिली होती. जवळून.

ताई उभी राहिली. आता ते पुन्हा उचललं जायला हवं होतं. टेकवायचं आणि उचलायचं, अशी रीत होती. ती बघत राहिली. लाटा येत होत्या, बोया बुडत होता, वर येत होता. शीड अजून वर आलं नव्हतं. बाबांना हाक मारली तर ते पुन्हा पाण्यात जातील, आणि या वेळी तिला ते आणता येणार नाहीत. न मारता आत गेली, तर एकदा जे घडलं तेच पुन्हा घडेल, पाठ फक्त दुसऱ्या कुणाची असेल. तिथे कुणी नाही, हे तिला माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग होत नव्हता.

“ताई!” शेडमधून बाबांची हाक आली. आवाज थकलेला होता, पण मोकळा होता. “चहा निवतोय गं!”

“आलेच,” ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.